दुसरा ब्रेक

गेली बावीस वर्षं मी लोकांच्या शेजारी बसून ब्रेक दाबतो आहे. गाडी शिकवणाऱ्याच्या गाडीत दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक माझ्या. शिकणारा त्याचा ब्रेक वेळेवर दाबेल असा विश्वास मी ठेवला असता, तर आज ही गोष्ट सांगायला उरलो नसतो. या धंद्याने माझ्या उजव्या पायाला खोड लावली आहे. समोर काही आडवं आलं की तो आपोआप खाली दाबला जातो, मग मी बसमध्ये असो, सिनेमाला असो, नाहीतर दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत. बायको म्हणते, तुमच्याबरोबर सोफ्यावर बसून टीव्ही बघायचा तर पट्टा बांधावा लागतो.

बायकोही मला शिकवणीतच मिळाली. ती चष्म्याच्या दुकानात काम करते. माणसं वीस तासांत गाडी शिकतात, तिने चौपन्न तास घेतले. त्यातले शेवटचे तीस गाडीसाठी होते की माझ्यासाठी, हे मी अजून विचारलेलं नाही. तेव्हा मागच्या सीटवर तिची सात वर्षांची मुलगी गृहपाठ करत बसायची आणि मधूनच चहाडी करायची, "सर, आई आरशात बघत नाहीये." आमच्या लग्नाला आता दीड वर्ष झालं, मुलगी नऊ वर्षांची झाली, पण मी तिचा सरच राहिलो. डबा भरताना सर, वेणी घालताना सर, तापात कण्हतानाही सर. माझं त्यावर काही म्हणणं नाही. म्हणजे आहे, पण ते मी कोणाला सांगत नाही.

मी तिला वकीलबाई म्हणतो. रोज आंघोळ का करायची, या विषयावर तिने एकदा वीस मिनिटं बाजू मांडली होती आणि आम्ही दोघं सपशेल हरलो होतो. घाबरणं तिला ठाऊकच नव्हतं. हे मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढे मी काय करून ठेवलं ते त्याशिवाय कळायचं नाही.

तिचे बाबा ती पाच वर्षांची असताना आजारात गेले. बाहेरच्या खोलीत त्यांचा फोटो आहे. हसरा, दाट केसांचा माणूस. फोटो पुसायचं काम माझ्याकडे आहे, कारण घरात उंच मीच. आमच्यात भांडण काही नाही, पण खरं सांगायचं तर त्या माणसाशी माझा निभाव लागत नव्हता. फोटोतल्या माणसाच्या हातून चुका होत नाहीत. माझ्या हातून दिवसाला सात-आठ तरी होतात.

वाचनालयाच्या फळ्यावरची सूचना बायकोनेच वाचली. 'वडील आणि वडिलांच्या जागी असलेल्यांसाठी आधारगट. दर शनिवारी सकाळी दहा वाजता, वरच्या हॉलमध्ये. मुलांना बरोबर आणावे.'

"मला आधाराची गरज नाही," मी म्हटलं.

"मग द्यायला जा," ती म्हणाली. तिच्या मुलीने वाद घालणं कुठून उचललं ते यावरून कळावं.

गट चालवणाऱ्या बाईंना सगळे सिस्टर म्हणतात. चाळीस वर्षं त्यांनी प्रसूतिगृहात नोकरी केली. पहिल्याच शनिवारी त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी बापांना दाराबाहेर उभं केलं. आत येऊ नका, गर्दी करू नका, बाकावर बसा. बसले बिचारे. रिटायर झाल्यावर माझ्या लक्षात आलं, काही जण अजून बाकावरच आहेत. म्हणून हा उद्योग."

गटाची रीत सोपी होती. गोल करून बसायचं आणि प्रत्येकाने या आठवड्यात बाप म्हणून केलेली एक चूक सांगायची. कौतुकाचं सांगायचं नाही, ते घरी सांगा. ऐकणाऱ्यांनी ऐकायचं, उपदेश करायचा नाही. जो उपदेश करील त्याने शेवटी सगळ्यांचे चहाचे कप धुवायचे. पहिले तीन शनिवार कप मीच धुतले. माझा धंदाच उपदेशाचा, तोंड बंद ठेवायचं कसं?

आम्ही दहा-बारा जण होतो. त्यातल्या तिघांशी माझं सूत जुळलं. एक बेकरीवाला. तो पहाटे तीनला उठतो, त्यामुळे दहा वाजता खुर्चीत बसल्या बसल्या घोरायला लागतो. दुसरे आजोबा. कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेले, मुलगी कामासाठी दूर राहते म्हणून नातवाला सांभाळणारे. तिसरा बॅटरीवाला, जुळ्या मुलांचा बाप. त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे, आणि जगातली कोणतीही अडचण दोन वायरी जोडून सुटते असं त्याचं ठाम मत आहे.

मी चुका सांगायचो, पण निवडून. दूध उतू गेलं. डब्यात चमचा द्यायला विसरलो. सिस्टर चष्म्यावरून बघायच्या आणि म्हणायच्या, "बरं. पुढचे."

मग सायकलचं निघालं. सिस्टरनी जाहीर केलं की सात शनिवार मुलांना वाचनालयामागच्या पटांगणात सायकल शिकवायची आणि आठव्या शनिवारी कालव्याकडेच्या रस्त्याने पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन यायचं. "मुलं चालवतील, बाप मागून पायी येतील. तोंड मिटून," असं सांगताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. वकीलबाईंनी सायकल कधी चालवली नव्हती. त्या रात्री जेवताना तिने आईला कालव्याचा रस्ता, त्यावरचे दोन चढ आणि टाकीला किती पायऱ्या आहेत हे सगळं सांगितलं. तिला त्या टाकीपर्यंत जायचंच होतं.

पहिल्या शनिवारी मी सीट धरून मागे पळालो. दुसऱ्या शनिवारी पळता पळता माझी चप्पल तुटली आणि सीट हातातून सुटली. ती पुढे निघून गेली. दहा फूट, वीस फूट. समोर भिंत आली. माझा उजवा पाय सिमेंटवर दाबला गेला आणि जगात काहीही थांबलं नाही. तिने मात्र भिंतीच्या आधी हँडल वळवलं, ब्रेक लावला, पाय टेकला आणि मागे न बघता म्हणाली, "सर, सीट नीट धरा, हलतेय."

म्हणजे मी धरलेलीच नव्हती हे तिला कळलं नाही. तिथेच सांगायला हवं होतं, की बाई, तुला सायकल येते. मी मूग गिळून गप्प बसलो आणि चप्पल उचलली.

त्याच दिवशी मी बॅटरीवाल्याला गाठलं. "मला तिच्या सायकलला दुसरा ब्रेक हवा. माझ्या हातातला."

इतर कोणी असता तर हसला असता. बॅटरीवाल्याने विचारलं, "मागच्या चाकाला की पुढच्या?"

गाडीच्या दारांना किल्लीवरचं बटण दाबून कुलूप लागतं, त्यासाठी दारात एक छोटी मोटर असते. बटण दाबलं की ती दांडी खेचते. ती मोटर त्याने सायकलच्या मागच्या ब्रेकच्या तारेला जोडली, सीटखाली काळ्या डबीत बॅटरी बसवली आणि रिमोट माझ्या हातात दिला. बटण दाबलं की खट् असा बारीक आवाज व्हायचा आणि सायकल अलगद थांबायची. माझ्या धंद्यातल्या कोणालाही ते बघून भरून आलं असतं.

"ही डबी कसली?" वकीलबाईंनी विचारलं.

"दिव्याची बॅटरी."

"दिवा कुठाय?"

"येणार आहे."

तिसऱ्या शनिवारपासून मी खिशात हात घालून उभा राहू लागलो. सायकलने वेग घेतला की खट्. भिंत जवळ आली की खट्. आडवं मांजर गेलं, खट्. एकदाही ती पडली नाही, साधं खरचटलंही नाही. बाकीच्या पोरांची ढोपरं फुटत होती, त्यांचे बाप आयोडीनच्या बाटल्या घेऊन धावत होते आणि मी मनातल्या मनात कॉलर ताठ करत होतो. गंमत अशी की बॅटरीवाल्याची जुळीसुद्धा मधूनमधून अचानक थांबायची. त्यांचं लक्ष नसतं, असं मी मनात म्हटलं. कप धुवायचे नव्हते म्हणून मोठ्याने म्हटलं नाही.

वकीलबाईंचं मात्र काहीतरी बिनसत चाललं होतं. "सर, मी जोरात गेले की सायकल थांबते," ती पाचव्या शनिवारी म्हणाली. "मी थांबवत नाही. माझे हात आपोआप ब्रेक लावतात बहुतेक." मग तिने ब्रेकवरची बोटं काढून बघितली. भिंत जवळ आली. मी दाबलं. खट्. ती उतरून आपल्या हातांकडे बघत राहिली. "मग पाय असतील," ती म्हणाली. "पाय घाबरत असतील."

मला वाईट वाटलं. इतकं, की सहाव्या शनिवारी मी रिमोट घरी कपाटात ठेवून गेलो. कबूल करायचं धाडस नव्हतं, पण हळूच आवरतं घ्यायला काय हरकत होती? खिसा रिकामा ठेवून मी उभा राहिलो. ती निघाली. छान वेग घेतला, वळण घेतलं, आणि मधोमध थांबली. पुन्हा निघाली, पुन्हा थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मी चक्रावलो. मी तर काही दाबलं नव्हतं. घरी परत जाताना माझ्या मनात आलं की खरंच घाबरते की काय पोरगी, आणि त्या विचाराने मला थोडं बरंही वाटलं. हे सांगायची आज लाज वाटते. पण मनात आलं होतं हे खरं.

बुधवारी संध्याकाळी मी बाहेरच्या खोलीत पाणी पीत होतो आणि स्वयंपाकघरात मायलेकी बोलत होत्या.

"भाषणाचा कागद कुठाय तुझा? पाठ म्हणून दाखव," बायको म्हणाली.

"मी नाव काढून घेतलं."

"का गं? दोन महिने मागे लागली होतीस मॅडमच्या."

"मी भित्री आहे ना. मला आधी माहीत नव्हतं. सायकलमुळे कळलं." तिचा आवाज अगदी शांत होता, चौकशी पूर्ण करून निकाल लावल्यासारखा. "भित्र्या माणसाने भाषणाला उभं राहू नये. मध्येच थांबलं तर सगळे हसतात. आणि टाकीपर्यंत मी नाही जाणार."

बायको समजूत घालत राहिली. मी पेला हातात धरून तिथेच उभा राहिलो. जी मुलगी आंघोळीवर वीस मिनिटं भांडली तिला मी एका बटणाने गप्प केलं होतं. आत जाऊन सांगावं, असं दोनदा मनात आलं. दोन्ही वेळा शेपूट घातली. आता कुठे ती माझ्या बाजूच्या खुर्चीत बसून जेवते, मला अडलेली गणितं विचारते. खोटारडा माणूस म्हणून एकदा नजरेतून उतरलो की ती पुन्हा मागच्या सीटवर जाऊन बसेल, आणि तिथून तिला पुढे आणणं मला जन्मात जमणार नाही. माझा जीव त्यात अडकला होता.

सातव्या शनिवारी मुलं खाली पटांगणात होती आणि आम्ही वर. रिमोट मी खिशात घातला होता. गोल फिरत पाळी माझ्यावर आली.

"या आठवड्यात चमचा विसरलात का?" सिस्टरनी विचारलं.

मी रिमोट काढून चहाच्या कपांजवळ ठेवला आणि सगळं सांगितलं. मोटर, डबी, दिवा, भाषण. बेकरीवाला चक्क जागा होता.

"पण गेल्या शनिवारी रिमोट घरी होता," मी म्हटलं. "तरी ती थांबली. तेवढं मला कळत नाहीये."

बॅटरीवाला खुर्चीत चुळबुळला. "ते बहुतेक मी," तो म्हणाला. "तुमचं मस्त चाललेलं बघून मी माझ्या दोघांच्या सायकलींना पण बसवला. सगळे रिमोट एकाच खोक्यातले आहेत. एक दाबला की सगळ्याच सायकली थांबतात वाटतं."

"म्हणजे माझ्या नातवाची सायकल मी न दाबताही थांबते ती यामुळे?" आजोबा म्हणाले. सगळ्यांनी त्यांच्याकडे वळून बघितलं. आजोबांनी सदऱ्याच्या खिशातून आपला रिमोट काढला आणि अगदी हळू टेबलावर ठेवला. "मी यांच्याकडून करून घेतला होता. माझं वय झालंय, मला पळवत नाही." मग बेकरीवाल्यानेही एक काढला. तो म्हणाला, त्याचा अर्धा वेळ झोपेत दाबला जात असावा.

टेबलावर चार रिमोट जमले. इतके शनिवार आम्ही चौघं खिशात हात घालून एकमेकांच्या पोरांना अडवत होतो आणि आपापलं पोर सुखरूप आहे म्हणून खूश होत होतो.

मी सिस्टरकडे बघितलं. वाटलं, ओरडतील, नाहीतर धीर देतील. त्यांनी दोन्ही केलं नाही.

"मला काय सांगता?" त्या म्हणाल्या. "मी सायकल शिकत नाहीये."

मग मी खाली गेलो. वकीलबाई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली होती, सायकल भिंतीला टेकवून. मी तिच्या शेजारी बसलो.

"मला तुझ्याशी बोलायचंय."

"बोला."

"सायकल थांबते ती तू थांबवत नाहीस. मी थांबवतो." आणि मी रिमोट तिच्या हातावर ठेवला.

तिने तो उलटसुलट करून बघितला. बटण दाबलं. मागे सायकल म्हणाली, खट्. तिने वळून बघितलं. पुन्हा दाबलं. खट्. पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला जुळ्यांपैकी एक जण थांबला आणि वैतागून खाली उतरला.

"हे कधीपासून?" तिने विचारलं.

"तिसऱ्या शनिवारपासून."

"आज सातवा आहे."

"हो."

"म्हणजे दिवा येणारच नव्हता."

"नव्हता."

तिने एकदा भिंतीला टेकलेल्या सायकलकडे बघितलं. मग म्हणाली, "आणि मला येत होती? सायकल?"

"दुसऱ्याच शनिवारी आली. माझ्या हातातून सीट सुटली होती, तू एकटीच गेलीस. भिंतीपाशी स्वतः वळलीस. मी बघितलं आणि तुला सांगितलं नाही."

तिचा चेहरा लाल झाला. "मी मॅडमना सांगितलं की मी भित्री आहे. सगळ्या वर्गासमोर सांगितलं."

इतकी शरम मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी तेवढंच बोललो, की मला शरम वाटते आहे.

"आईला शिकवताना पण लपवून ब्रेक लावायचात?"

"नाही. गाडीत दुसरा ब्रेक आहे हे मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना दाखवतो."

"मग मला का नाही दाखवलात?"

"दाखवला असता तर तू काढायला लावला असतास."

"हो मग," ती म्हणाली. "पण लावलात कशाला?"

मी खोटं बोलणार होतो. तयार उत्तरं होती माझ्याकडे, वाहतूक, सुरक्षा, नियम. पण ती रोखून बघत होती.

"तू पडशील म्हणून," मी म्हटलं. "आणि पडलीस की तुझ्या मनात येईल, बाबा असते तर मी पडले नसते."

तिच्या कपाळावर आठ्या पडल्या. खोटी साक्ष ऐकली की तिच्या अशाच आठ्या पडतात.

"बाबांनी मला दोनदा पाडलंय."

"काय?"

"एकदा खांद्यावरून. आणि एकदा झोपाळ्यावरून, एवढा मोठा झोका दिला म्हणून." तिने कपाळावरचे केस बाजूला केले. केसांच्या मुळाशी एक पांढरी बारीक रेघ होती. मी दीड वर्ष तिच्या वेण्या घालतोय, मला वाटायचं भांगच तसा पडतो. "तीन टाके आहेत. आईने नाही सांगितलं तुम्हाला?"

"नाही."

"आई त्यांना इतकी ओरडली होती. ते पण रडले. मी नव्हते रडले."

मला फोटोतला तो हसरा माणूस आठवला. एवढा मोठा झोका देणारा, बायकोची बोलणी खाणारा, रडणारा. दीड वर्ष त्याच्यावरची धूळ पुसत होतो, पण तो माणूस मला आवडला तो त्या पायरीवर.

"आता ऐका," वकीलबाई उभी राहिली. "सगळ्यांच्या डब्या काढायच्या. आत्ता. माझ्यासमोर. आणि मॅडमना तुम्ही सांगायचं."

"काय सांगू?"

"जे केलंत ते. माझं नाव परत घालायला लावायचं."

"सोमवारी येतो शाळेत. आणि आईला?"

"आईला मी सांगणार. तुम्ही कमी सांगाल."

बॅटरीवाला पाना घेऊन खाली आला. मी सायकल धरली, त्याने डबी सोडवली, तारेची गाठ उकलली. ती कमरेवर हात ठेवून बघत होती. मग जुळ्यांच्या दोन, मग नातवाची, मग बेकरीवाल्याच्या मुलीची. पाच डब्या आणि चारही रिमोट आजोबांच्या पिशवीत गेले. पोरांना आपल्या सायकलींमध्ये काय होतं ते कळलं तेव्हा जो कल्ला झाला त्यात चार बापांची पार चटणी झाली. सिस्टर वरच्या खिडकीत उभ्या राहून चहा पीत होत्या.

वकीलबाई सायकलवर बसली. "सीट धरू नका," ती म्हणाली.

"नाही धरत."

"पळू नका."

"नाही पळत."

ती निघाली. पहिल्या वळणावर तिने अंग चोरलं, सायकल आता थांबेल म्हणून. थांबली नाही. तिने पायडल जोरात मारलं, पटांगणाची एक फेरी झाली, दुसरी झाली. तोंड अर्धं उघडं, वेण्या मागे उडतायत. तिसऱ्या फेरीत ती इतक्या जोरात आली की माझ्या धंद्यातल्या माणसाला बघवेना. पाय दाबून दाबून माझी पोटरी दुखायला लागली. मागच्या बाजूच्या नळाशी सिमेंट ओलं होतं, ते तिला दिसलं नाही. चाक सरकलं आणि सायकल एकीकडे, ती दुसरीकडे.

आम्ही चौघंही एकदम पुढे झालो. बाकीचे तिघं थांबले. मला थांबता आलं नाही, पण मी पळालो नाही. चालत गेलो. एवढं लांब मी आयुष्यात कधी चाललो नव्हतो.

ती ओल्या सिमेंटवर बसली होती. कोपर सोललं होतं आणि त्यातून रक्त येत होतं. ती ते वळवून वळवून बघत होती, चांगले गुण मिळालेला पेपर बघावा तशी.

"कोणी दाबलं?" तिने विचारलं.

"कोणी नाही. सगळे पिशवीत आहेत."

"नक्की?"

"नक्की. तू पडलीस."

"माझी मी पडले," ती म्हणाली. तिला हसू फुटलं होतं आणि दुखतही होतं, दोन्ही एकदम. मी दोन पावलांवर उभा होतो. हात पुढे करू की नको, ते मला कळेना. सीट धरू नका म्हणाली होती, पळू नका म्हणाली होती. पुढचं काही ठरलं नव्हतं.

तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"नुसते काय उभे राहिलात, सर? बाबा पाडल्यावर उचलायचे."

मी वाकलो आणि तिला उचललं. नऊ वर्षांचं मूल वजनाला किती असतं याचा मला अंदाज नव्हता, पाठीत चांगलीच कळ आली. तिने रक्ताळलेलं कोपर माझ्या धुतलेल्या शर्टावर टेकवलं, आणि पुढच्या शनिवारी टाकीपाशी किती वाजेपर्यंत पोहोचायचं ते सांगायला लागली.